जीवरसायनशास्त्रज्ञ : प्रयोगशाळेतील उमेदवारी

सजीवांच्या शरीरात घडणाऱ्या रासायनिक विक्रियांचा आणि त्यांत भाग घेणाऱ्या संयुगांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञास जीवरसायनशास्त्रज्ञ म्हणतात. पदव्युत्तर शिक्षण पुरे झाल्यापासून स्वतंत्र संशोधनाची अथवा प्रयोगशाळेच्या प्रमुखपदाची जबाबदारी येईपर्यंतचा काळ ही त्याची उमेदवारी होय. या काळात पुस्तकी ज्ञानात पडणारी भर मर्यादित असते. मात्र हाताचे कौशल्य, मापनातील सचोटी आणि स्वतःच्या निष्कर्षाविषयी साशंक राहण्याची सवय याच काळात अंगी बाणते. ही सवय न लागल्यास होणारे नुकसान केवळ त्या व्यक्तीपुरते राहत नाही. रुग्णालयात ते रुग्णाला, तर संशोधनात त्या निष्कर्षावर विसंबणाऱ्या पुढील अभ्यासकांना भोगावे लागते.

प्रवेश : जीवरसायनशास्त्र, रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा वैद्यकीय जीवरसायनशास्त्र यांपैकी एका विषयातील पदव्युत्तर पदवी ही सामान्यतः किमान पात्रता होय. पुढे दोन मुख्य मार्ग फुटतात. एक रोगनिदान प्रयोगशाळांचा व उद्योगांतील गुणनियंत्रणाचा, दुसरा संशोधनाचा. संशोधनाकडे वळणाऱ्यास राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळू शकते. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या या अधिछात्रवृत्तीची रक्कम जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये करण्यात आली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा किमान कालावधी तीन वर्षांचा आहे. अधिछात्रवृत्तीची मुदत ठरलेली असते. प्रयोग मात्र मुदत पाळत नाहीत. उमेदवारीतील चिंतेचे हे एक प्रमुख कारण आहे.

ऊतकापासून एंझाइमापर्यंत : नवोदितास प्रथम शिकावे लागते ते ऊतक कुटण्याचे काम. वरवर सोपे वाटणाऱ्या या क्रियेतील धोका सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्यास परिचित असलेल्या एका उदाहरणाने स्पष्ट होतो. कोवळी किंवा पाण्याच्या ताणानंतर फुटलेली ज्वारी खाल्ल्याने जनावरे दगावतात. ज्वारीच्या कोवळ्या पानांत धुरिन नावाचे ग्लायकोसाइड असते. डन्स्टन व हेन्री यांनी त्याचे वर्णन १९०२ मध्ये केले. धुरिन स्वतः तितकेसे घातक नसते. ते पानाच्या बाह्यत्वचेतील कोशिकांच्या रिक्तिकांत साठविलेले असते, तर त्याचे विघटन करणारे एंझाइम आतील हरितद्रव्ययुक्त कोशिकांत असते. जनावराने पान चावले, की दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोसायानिक अम्ल मुक्त होते. हे अम्ल श्वसनसाखळीतील सायटोक्रोम ऑक्सिडेज या एंझाइमाचे कार्य बंद पाडते. परिणामी रक्तात ऑक्सिजन असूनही कोशिकांना तो वापरता येत नाही.

जनावराच्या तोंडात जे घडते तेच खलबत्त्यातही घडते. वनस्पतीने अलग राखलेली द्रव्ये ऊतक कुटताच एकमेकांत मिसळतात. बटाटा चिरल्यावर काळा पडतो तो याच कारणाने. त्यातील फिनॉलांचे एंझाइमाच्या साहाय्याने ऑक्सिडीकरण होते. डाळिंबाच्या सालीतील पॉलिफिनॉले प्रथिनांना घट्ट बिलगून एंझाइमे निष्क्रिय करतात. म्हणून ऊतक बर्फावर थंड ठेवून, शक्य तितक्या त्वरेने, पीएच मूल्य स्थिर राखणाऱ्या बफर विद्रावात कुटतात आणि गरजेनुसार पॉलिफिनॉले शोषून घेणारे किंवा ऑक्सिडीकरण रोखणारे द्रव्य त्यात घालतात. यांतील एखादी दक्षता राहून गेली, तर ‘या ऊतकात अमुक एंझाइम नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. वस्तुतः एंझाइम तेथे असते. कुटताना ते नष्ट झालेले असते.

शुद्धीकरण : कुटलेल्या ऊतकातील चोथा केंद्रोत्सारणाने वेगळा करतात. नंतर अमोनियम सल्फेटाने प्रथिनांचे अवक्षेपण, अपोहनाने लवण काढून टाकणे, वर्णलेखनाने प्रथिनांचे विलगीकरण व शेवटी विद्युत् संचारणाने शुद्धतेची परीक्षा असा सामान्य क्रम असतो. प्रत्येक टप्प्यावर एंझाइमाची एकूण क्रियाशीलता व एकूण प्रथिन मोजतात. त्यांच्या गुणोत्तरावरून शुद्धता किती वाढली ते कळते. पाच टप्प्यांपैकी प्रत्येकात ७० टक्के एंझाइम हाती राहिले, तरी अखेरीस मूळच्या सु. १७ टक्केच उरते. म्हणून टप्पे कमीत कमी ठेवण्याकडे अनुभवी व्यक्तीचा कल असतो, तर नवोदिताचा कल टप्पे वाढविण्याकडे दिसतो.

मापन व तापमान : सोलापूर येथे एप्रिल-मे महिन्यांत कमाल तापमान ४०° से.च्या वर जाणे ही नित्याची गोष्ट आहे. वातानुकूलन नसलेल्या प्रयोगशाळेत त्याचे परिणाम हिशेबात घ्यावे लागतात. आकारमापक काचपात्रांवरील खुणा २०° किंवा २७° से. या तापमानांस अनुसरून केलेल्या असतात. पाणी २७° पासून ४०° से. पर्यंत तापले, की त्याचे आकारमान सु. ०·४ टक्क्याने वाढते. बफर विद्रावाच्या बाबतीत फरक अधिक मोठा असतो. ट्रिस या नित्य वापरातील बफराचे पीएच मूल्य दर अंश सेल्सिअसला सु. ०·०२८ ने घटते. २५° से. ला ७·५ असे जुळविलेले मूल्य ४०° से. ला सु. ७·१, तर ४° से. च्या शीतगृहात सु. ८·१ होते. एखाद्या एंझाइमाची क्रियाशीलता एवढ्या फरकाने निम्म्यावर येऊ शकते. पीएच मूल्य ज्या तापमानास मोजले ते तापमान नोंदवहीत लिहिण्याची शिस्त यासाठीच असते.

प्रत्येक मापनाबरोबर नियंत्रक प्रयोग करावा लागतो. एंझाइम न घालता, तसेच उकळून निष्क्रिय केलेले एंझाइम घालून तोच प्रयोग केल्यास दिसणारा बदल खरोखर एंझाइमामुळे झाला की अन्य कारणाने, हे ठरविता येते. नवोदिताच्या हातून होणाऱ्या चुकांत नियंत्रक प्रयोग टाळणे ही सर्वांत महाग पडणारी चूक होय. अनेक महिन्यांचे काम त्यामुळे निरर्थक ठरते.

नोंदवही : पृष्ठांक घातलेली, बांधीव नोंदवही हा प्रयोगशाळेतील कामाचा मूळ दस्तऐवज असतो. नोंद त्याच वेळी, शाईने करावयाची. चुकलेला आकडा एका रेघेने खोडावयाचा, पण वाचता येईल असा ठेवावयाचा, असे संकेत आहेत. आता संगणकीय नोंदवह्याही वापरल्या जातात. त्यांतही जुनी नोंद पुसली जाऊ नये हेच तत्त्व असते. अपेक्षेविरुद्ध आलेला आकडा कारण न शोधता गाळणे हा या व्यवसायातील गंभीर दोष मानला जातो. वरिष्ठांना हवे असलेले उत्तर आणि उपकरणाने दिलेले उत्तर भिन्न असताना दुसऱ्याची नोंद करणे, ही उमेदवारीतील खरी कसोटी होय.

रोगनिदान प्रयोगशाळा : येथे चुकीचा परिणाम तत्काळ होतो. रक्तरसातील पोटॅशियमाचे सामान्य प्रमाण दर लिटरला ३·५ ते ५ मिलिमोल असते; तांबड्या कोशिकांत ते याच्या वीसपटींहून अधिक असते. रक्त घेताना वा नेताना कोशिका फुटल्या, तर निरोगी माणसाचे पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर असल्याचे दिसते आणि नको ते उपचार होण्याचा संभव निर्माण होतो. उलटपक्षी, रक्त तसेच ठेवल्यास कोशिका ग्लुकोज वापरीत राहतात व त्याचे प्रमाण ताशी सु. ५ ते ७ टक्क्यांनी घटते. उन्हाळ्यात ही घट अधिक वेगाने होते. तालुक्याच्या गावाहून दुपारी निघालेला नमुना सायंकाळी पोहोचला, तर मधुमेही रुग्णाचा अहवाल फसवा ठरू शकतो. सोडियम फ्ल्युओराइड घातलेली नळी वापरणे, नमुना थंड ठेवणे आणि शंकास्पद नमुना नाकारणे हे त्यावरील उपाय होत. नमुना नाकारल्यास रुग्णाचे नातेवाईक व डॉक्टर दोघेही नाराज होतात. तरीही तो नाकारण्याचे धैर्य नवोदितास शिकावे लागते.

यंत्राच्या विश्वसनीयतेसाठी ज्ञात प्रमाणाचा नियंत्रक नमुना दररोज तपासतात व त्याचे मूल्य आलेखावर मांडतात. ही पद्धत लेव्ही व जेनिंग्ज यांनी १९५० मध्ये सुचविली. यंत्र बिनचूक असतानाही सु. वीसपैकी एक मूल्य सरासरीपासून दोन प्रमाण विचलनांच्या बाहेर पडते. त्यामुळे अशा एकट्या मूल्यावरून यंत्र सदोष ठरवीत नाहीत. मात्र मूल्य तीन प्रमाण विचलनांच्या बाहेर गेल्यास किंवा लागोपाठ दोन मूल्ये एकाच बाजूस दोन विचलनांपलीकडे गेल्यास अहवाल रोखून दोष शोधतात.

कमला भागवत यांची उमेदवारी : मराठी भाषकांतील या व्यवसायाचे सर्वांत बोधप्रद उदाहरण कमला भागवत (विवाहानंतर सोहोनी, १९११–९८) यांचे आहे. त्यांचा जन्म इंदूर येथे झाला. वडील व चुलते दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. पदवी १९३३ मध्ये मिळवून त्यांनी बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये संशोधनासाठी अर्ज केला. त्या स्त्री असल्याच्या कारणावरून संचालक सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. कमलाबाईंनी नकार स्वीकारला नाही. अखेर एक वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता न देता त्यांचे काम पाहावे, या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षअखेरीस रामन यांचे समाधान झाले आणि संस्थेत इतर स्त्रियांच्या प्रवेशाचा मार्गही मोकळा झाला. बुद्धिमत्ता सिद्ध झालेली असतानाही केवळ स्त्री म्हणून घातलेली ही अट पुरुष उमेदवारांना नव्हती, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

पुढे केंब्रिज येथे त्यांनी डेरेक रिक्टर व रॉबिन हिल यांच्याबरोबर संशोधन केले. बटाट्याच्या ऊतकावर काम करताना वनस्पतींच्या कोशिकांतही सायटोक्रोम सी असल्याचे त्यांना आढळले. प्राण्यांप्रमाणेच वनस्पतींच्या श्वसनातही ही साखळी कार्य करते, या विचारास त्यामुळे बळ मिळाले. फिनॉलांमुळे चटकन काळवंडणाऱ्या ऊतकात असे नाजूक कार्य करण्यास किती दक्षता लागत असेल, याची कल्पना वरील विवेचनावरून येईल. केवळ चाळीस पृष्ठांच्या प्रबंधावर त्यांना १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली. भारतात परतल्यावर दिल्लीचे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय, कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा आणि मुंबईची विज्ञान संस्था येथे त्यांनी काम केले. कडधान्यांतील ट्रिप्सिनरोधके व नीरा यांवरील त्यांचे संशोधन सामान्य माणसाच्या आहाराशी निगडित होते.

सोलापूर परिसरातील क्षेत्र : सोलापूर येथे १९६३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, २००४ मध्ये विद्यापीठ आणि २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले. जिल्ह्यात साखर कारखान्यांची संख्या मोठी आहे. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिल्यास एंझाइमे व सूक्ष्मजीव यांच्या क्रियेने सुक्रोजाचे विघटन होऊन उतारा घटतो. कारखान्यातील रसायनशास्त्रज्ञाचे हे नित्याचे अभ्यासक्षेत्र होय. मालदांडी ज्वारी, डाळिंब आणि हातमाग-यंत्रमागाच्या रंगाईतील सांडपाणी यांतूनही जीवरसायनशास्त्राचे अनेक प्रश्न निर्माण होतात. तरीही महागडी उपकरणे महानगरांतील संस्थांत एकवटलेली असल्याने जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या नवोदितास काही परीक्षणांसाठी नमुने बाहेरगावी पाठवावे लागतात. अशा परिस्थितीत प्रश्नाची निवड महत्त्वाची ठरते. परिसरात सहज मिळणारे द्रव्य, हाताशी असलेल्या साधनांनी करता येण्याजोगे मापन आणि उत्तराची स्थानिक गरज, या तीन गोष्टी जुळल्यास मर्यादित साधनांतही टिकाऊ कार्य होऊ शकते.

सुरक्षितता : रक्ताचे नमुने संसर्गकारक आहेत असे गृहीत धरूनच हाताळावे लागतात. तोंडाने पिपेट ओढण्याची एके काळची पद्धत आता वर्ज्य मानली जाते. विद्युत् संचारणात वापरले जाणारे ॲक्रिलअमाइड तंत्रिका तंत्रास विषारी असते. हातमोजे, वायुवीजनाची कपाटे व टाकाऊ द्रव्यांचे वर्गीकरण यांबाबतची हेळगाव सर्वप्रथम नवोदितास व सफाई कामगारास भोवते.

उमेदवारीच्या अखेरीस व्यक्तीला किती तंत्रे येतात यापेक्षा तिच्या आकड्यावर दुसऱ्याने विसंबावे की नाही, हा प्रश्न अधिक मोलाचा असतो. पत्र्याच्या पेटीत बर्फ घालून दूरच्या गावाहून आणलेल्या नमुन्यामागे एक रुग्ण असतो आणि नोंदवहीतील प्रत्येक ओळीमागे पुढे तो प्रयोग पुन्हा करून पाहणारा अनोळखी अभ्यासक असतो. या दोघांची जाणीव ठेवून काम करणे यातच या व्यवसायाची प्रतिष्ठा आहे.