ओल्या वाळूपासून कोरड्या वाळूपर्यंत

जानेवारी उजाडला की अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात, बीव्हर्टनमधल्या आमच्या मराठी घरांत जुलैची तयारी सुरू होते. उन्हाळी सुट्टीतला एखादा शुक्रवार हेरायचा, बोटांवर सहा महिने मागे मोजायचे आणि त्या दिवशी सकाळी चहा गार होऊ देत लॅपटॉपपुढे बसायचं. ओरेगॉनच्या किनाऱ्यावरल्या स्टेट पार्कांचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि वाळूकडेच्या चांगल्या जागा डोळ्यांदेखत उडतात. तत्काळचं तिकीट काढलेल्या माणसाला ही धडधड वेगळी समजावून सांगायला नको.

आम्ही पहिल्यांदा केप लुकआउट या स्टेट पार्कला गेलो ते २००१ साली. बुकिंग फोनवर केलं होतं. घरापासून दोनेक तासांचा रस्ता, टिलामुक गाव ओलांडलं की पुढे समुद्र. जुलै महिना, म्हणून सोबत सुती चादरी, एक गोधडी आणि पोहायचे कपडे. पोहायचे कपडे पिशवीतून बाहेरही निघाले नाहीत. इथला पॅसिफिक भर उन्हाळ्यातही हाडं गोठवणारा. संध्याकाळी धुकं आलं आणि स्प्रूसच्या फांद्यांवरून रात्रभर थेंब गळत राहिले. पाऊस नव्हता, पण पहाटे गोधडी पिळून काढावी लागली. शेजारच्या जागेवरच्या आजोबांनी, तिथले स्वयंसेवक यजमान होते ते, काही न बोलता निळी ताडपत्री आणून आमच्या तंबूवर बांधून दिली. रात्री टेबलावर राहिलेला चिवड्याचा डबा रॅकूनने उघडला होता. डबा फोडला नव्हता, झाकण फिरवून बाजूला ठेवलेलं. शेंगदाणे तेवढे वेचून खाल्ले होते, डाळ्या तशाच.

सकाळी पुळणीवर गेलो तर मैलभर माणूस नाही. कुंपण नाही, ‘खाजगी मालमत्ता’ अशी पाटी नाही, रिसॉर्टच्या खुर्च्या नाहीत. सवयीने मी विचारलं, हा बीच कोणाचा? ताडपत्रीवाले आजोबा हसले. ‘तुझा,’ म्हणाले.

या एका शब्दामागे पन्नासेक वर्षांची गोष्ट आहे, हे पुढे हळूहळू कळत गेलं.

सुरुवात १९१३ सालची. ऑस्वल्ड वेस्ट तेव्हा राज्याचा गव्हर्नर. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली जमीन तुकड्यातुकड्यांनी खाजगी हातांत चालली होती. ‘जमीन राखा’ म्हटलं असतं तर विधिमंडळात मोठी खेचाखेच झाली असती. वेस्टने युक्ती लढवली. तेव्हा किनाऱ्याने जाणाऱ्या घोडागाड्या ओहोटीच्या घट्ट वाळूवरूनच धावत. त्याने ही ओली वाळू, उत्तरेला कोलंबिया नदीपासून दक्षिणेला कॅलिफोर्नियाच्या हद्दीपर्यंत, सार्वजनिक महामार्ग म्हणून जाहीर करायला लावली. करदात्याचा एक पैसा न खर्चता मैलोनमैल रस्ता! कोण नाही म्हणणार? सुमारे ५८० किलोमीटरचा किनारा कायद्याच्या कागदावर रस्ता झाला आणि त्यामुळे वाचला. राजकारणातल्या चतुराईचा इतका निर्मळ नमुना मला तरी दुसरा माहीत नाही.

त्यानंतरचा माणूस सॅम्युएल बोर्डमन. १९२९ ते १९५० तो उद्यानांचा पहिला अधीक्षक होता. उद्यानं तेव्हा महामार्ग खात्याच्याच पोटात होती. जमीनमालकांच्या दारात जायचं, गोड बोलायचं, देणगी मागायची, जमलं तर विकत घ्यायचं, हे त्याचं काम. त्याच्या हातात उद्यानं आली तेव्हा ती पन्नासच्या आत होती, निवृत्त झाला तेव्हा १८०च्या घरात. आज आम्ही ज्या कड्यांवर उभे राहून फोटो काढतो त्यांतले कितीतरी त्याने पदरात पाडून घेतलेले.

पण या बोर्डमनला उद्यानात मुक्कामी माणसं नको होती. झाडांखाली तंबू, भांडी, सरपण, आरडाओरडा हे सगळं त्याच्या डोळ्यांना खुपे. माणसाने दिवसा यावं, पाहावं आणि निघून जावं. मुक्कामाच्या जागा उघडल्या त्या तो निवृत्त झाल्यावर, पन्नासच्या दशकात. युद्ध संपलेलं, घराघरांत गाडी आलेली, लोक थांबणार नव्हते. दक्षिणेला ब्रुकिंग्जजवळ बोर्डमनच्या नावाचा किनाऱ्याचा सुंदर पट्टा आहे. तिथे आजही तंबू ठोकता येत नाही.

वेस्टच्या कायद्यात एक फट होती: त्यात फक्त ओली वाळू होती. भरतीच्या रेषेच्या वरची कोरडी वाळू, जिथे खरं तर चादर अंथरून माणूस बसतो, तिच्यावर लोकांचा हक्क आहे की नाही हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. पन्नास वर्षं कोणी विचारलंही नाही. मग १९६६ साली कॅनन बीचवरच्या एका मोटेलवाल्याने आपल्या पाहुण्यांसाठी कोरड्या वाळूचा तुकडा ओंडके टाकून अडवला आणि बाहेरच्यांना हाकलायला सुरुवात केली. प्रकरण विधिमंडळात गेलं. कोरडी वाळूही लोकांना मोकळी ठेवणारं विधेयक आलं, पण समितीत अडकलं. असोसिएटेड प्रेसच्या मॅट क्रेमरने बातम्यांमागून बातम्या दिल्या आणि लोकांची पत्रं येऊन पडू लागली.

तेव्हाचा गव्हर्नर टॉम मॅकॉल मूळचा पत्रकार, कॅमेऱ्याला काय हवं ते ओळखून असणारा. मे १९६७ मध्ये तो शास्त्रज्ञ आणि मोजणीवाल्यांना घेऊन हेलिकॉप्टरने थेट वाळूवर उतरला. लोकांच्या हक्काची हद्द म्हणून समुद्रसपाटीपासून सोळा फुटांची रेषा कुठे येते ते सगळ्यांसमोर मोजून दाखवलं, खुंट्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी छायाचित्रं घरोघरी. ६ जुलै १९६७ रोजी विधेयकावर त्याची सही झाली. कोरडी वाळूही लोकांना मोकळी झाली.

मोटेलवाला कोर्टात गेला. १९६९ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला तो मला या सगळ्या गोष्टीतला सर्वांत रसाळ भाग वाटतो. न्यायालयाने आधार घेतला रूढीचा. लोक पिढ्यान् पिढ्या या वाळूवर येत आले, गोऱ्यांच्या आधी इथले मूळ रहिवासी येत होते, कोणी अडवलं नाही. म्हणून तो हक्क आहे. कोकणात पिढ्यांची वहिवाट सांगून वाटेवर दावा करतात, जवळपास त्याच चालीचा युक्तिवाद. आमच्या गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला तो वकिलाशिवाय समजला असता.

इथपर्यंत कथा जिंकल्याची आहे. पुढे पैशाची आहे, आणि ती रटाळ. उद्यानं पेट्रोलच्या करावर चालत. १९८०मध्ये मतदारांनी तो ओघ बंद केला, मग ओढाताण सुरू झाली. १९९४ साली किनाऱ्यावर यर्ट आले, म्हणजे गोल, जाड कापडी भिंतींच्या, कुलूप लागणाऱ्या झोपड्या. हिवाळ्यातही लोक येऊ लागले. १९९८मध्ये मतदारांनी लॉटरीच्या उत्पन्नातला १५ टक्के हिस्सा उद्यानं आणि सॅमन माशांच्या नद्या यांत वाटून दिला. म्हणजे आमच्या शेकोटीचा थोडा खर्च कुणाच्या तरी न लागलेल्या नंबरातून निघतो. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी यर्टमध्ये आल्याआल्या हात धुतले.

माझी लाडकी जागा वेगळीच होती. वेस्टच्या नावाच्या उद्यानात रस्त्यालगत गाडी लावायची आणि तिथे ओळीने ठेवलेल्या हातगाड्यांपैकी एक घ्यायची. बांधकामावर असते तशी, एका चाकाची. तंबू, पाणी, कूकर, डाळ-तांदूळ, झोपलेला मुलगा, सगळं त्यात भरून अंधाऱ्या जंगलातून उतारावर ढकलत न्यायचं. चाक मुळांवर आपटलं की कूकरची शिट्टी खणखणायची. खाली पोहोचलं की झाडांच्या पलीकडे समुद्राचा आवाज आणि पहाटे बोर्ड घेऊन जाणारी सर्फर मंडळी. २००८ साली तिथे एक प्रचंड झाड कोसळलं. बाकीची जुनी झाडंही धोक्याची निघाली आणि मुक्कामाची जागा कायमची बंद झाली. दिवसा जाता येतं. बोर्डमनला पटलं असतं.

मार्च २०२०मध्ये, कोविडच्या सुरुवातीला, एका शनिवार-रविवारी किनाऱ्यावर इतकी गर्दी लोटली की लगेच सगळी स्टेट पार्कं बंद करावी लागली. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती टप्प्याटप्प्याने उघडली, आणि त्यानंतर बुकिंगची जी झुंबड सुरू झाली ती आजतागायत थांबलेली नाही. २०२२पासून राज्याबाहेरच्या माणसाला मोटरहोमच्या (आरव्ही) जागेसाठी २५ टक्के जादा मोजावे लागतात. जुन्या नळ आणि वीजवाहिन्यांसाठी २०२१ साली ५ कोटी डॉलरचे रोखे मंजूर झाले, आणि त्या कामांसाठी काही मुक्कामाच्या जागा महिनोन्महिने बंद राहिल्या. केप लुकआउटला तर समुद्रच आत येतोय. नव्वदच्या दशकाअखेरच्या वादळांनी वाळूचा बांध खाल्ला, म्हणून समोर गोटे रचून मागे वाळूच्या पिशव्यांचा नवा बांध घातला. आमची २००१ची ती जागा त्याच बाजूला.

वाळू सगळ्यांची झाली हे खरं. पण वाळूशेजारची रात्र आता ज्याच्याकडे वेगवान इंटरनेट आहे आणि सहा महिने आधी रजेचा दिवस ठरवता येतो त्याची आहे. मी त्याच गटातला, म्हणून तक्रार करायचा मला फारसा अधिकार नाही. जो मजूर शुक्रवारी दुपारी ठरवतो की पोरांना समुद्रावर न्यावं, तो वाळूवर जातो आणि अंधार पडला की घरी परततो. बोर्डमनला हवा होता तसा पाहुणा, मात्र नाइलाजाने.

एक दार अजून उघडं आहे. किनाऱ्यावरच्या बऱ्याच उद्यानांत पायी किंवा सायकलने येणाऱ्यांसाठी थोडी जागा राखलेली असते. तिला बुकिंग लागत नाही, पैसेही थोडे. आधी येईल त्याला मिळते. केप लुकआउटलाही ती आहे. सायकल असेल तर चिवड्याचा डबा घट्ट बंद करा आणि या.