अकरा महिन्यांचा कागद

आखातातून आलेल्या पैशांतून घरावर मजला चढवावा किंवा मुंबईत, कोल्हापुरात एखादी खोली घेऊन ती भाड्याने द्यावी, असा विचार गोव्यात व बेळगावकडे पुष्कळ कुटुंबे करितात. भाडे किती घ्यावे याचा खल आठवडाभर चालतो. कागदाचे काय? "माणूस ओळखीचा आहे," एवढ्यावर किल्ली हाती दिली जाते!

करार अकराच महिन्यांचा का, असे आम्हांस पुष्कळ जण विचारतात. १९०८ च्या नोंदणी कायद्यान्वये वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. तो खर्च व ती यातायात टाळण्यासाठी ही चाल पडली. परंतु मुंबई-कोल्हापुरात ती उपयोगी नाही. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे-नियंत्रण कायद्याप्रमाणे अकरा महिन्यांचा करारही लेखी व नोंदलेलाच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. तशी नोंद नसल्यास भाडेकरू सांगेल त्याच अटी ग्राह्य धरल्या जातात; त्या खोट्या ठरविण्याचे ओझे मालकाच्या शिरी. मग ओळखीचा माणूसही परका होतो.

पंखे, नळ, विजेच्या मीटरचा आकडा हे सारे किल्ली देण्यापूर्वीच उभयतांच्या सहीने टिपून ठेवावे. अनामत परत करतेवेळी तंटा होतो तो बहुधा यांवरूनच.