सुरीला हक्काची जागा हवी

गुडघे कुरकुरू लागले की जमिनीवरची विळी सुटते आणि ओट्यावर सुरी येते. घडीची विळी मिटून ठेवता येते. सुरी मात्र खणात चमच्यांमध्ये मिसळते आणि चाचपडणारा हात कापते. मधुमेहात बोटांची संवेदना मंदावू शकते. रक्त पातळ करणाऱ्या औषधांमुळे रक्त थांबण्यास वेळ लागतो. म्हणून सुऱ्यांसाठी लाकडी स्टँड उपयुक्त ठरतो.

नाशिकच्या भांडी बाजारात जाण्यापूर्वी घरातील सर्वांत लांब पात्याची सुरी मोजून घ्यावी. स्टँडचे बूड जड असावे. एका हाताने सुरी काढताना तो हलता कामा नये. खाचा आडव्या असल्यास धार लाकडावर टेकत नाही.

सुरी धुऊन, पूर्ण कोरडी करूनच ठेवावी. अन्यथा पावसाळ्यात खाचांत बुरशी धरते. पंधरवड्यातून एकदा स्टँड रिकामा करून उलटा झटकावा, बारीक ब्रशने खाचा साफ कराव्यात. तो मोरी व शेगडीपासून दूर, नेहमी एकाच जागी असावा. हाताला सवय होते.

मात्र घरात स्मृतिभ्रंश झालेले ज्येष्ठ असतील, तर स्टँड ओट्यावर नकोच. सुऱ्या कुलपाच्या कपाटात ठेवाव्यात. भाजी निवडण्याचे, मटार सोलण्याचे काम मात्र त्यांच्याकडेच राहू द्यावे.