चुन्याची भिंत आणि सिमेंटचा मोह

तुर्भ्यात राहणाऱ्या माणसाला दगड आणि सिमेंट यांची ओळख करून द्यावी लागत नाही. एकीकडे खाणींनी पोखरलेले डोंगर आणि दुसरीकडे ठाणे-बेलापूर रस्त्यावरून रात्रंदिवस धावणारी सिमेंटची वाहने यांच्यामध्येच आमचे आयुष्य चालले आहे. म्हणूनच की काय, जुन्या इमारतीच्या डागडुजीची गोष्ट निघाली की येथे एकच वाक्य हमखास कानी पडते : "चुन्यात काय दम आहे? सिमेंट मारा, पुढची शंभर वर्षं बघायला नको." कंत्राटदारांपासून सुशिक्षित गृहस्थांपर्यंत सर्वांच्या तोंडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की आता त्याचे उत्तर सविस्तर आणि एकदाच देऊन टाकणे मला भाग आहे.

मुंबईचा टाउन हॉल, म्हणजे तीस पायऱ्या चढून आपण ज्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जातो ती वास्तू, कर्नल टॉमस कौपर यांच्या आराखड्याबरहुकूम १८२१ साली बांधावयास घेतली गेली आणि १८३३ साली पुरी झाली. पोर्टलंड सिमेंटचे पहिले पेटंट इंग्लंडात १८२४ साली नोंदवले गेले. अर्थात या वास्तूचा पाया खणला गेला तेव्हा त्या पदार्थाचे नावही कोणी ऐकलेले नव्हते. जवळजवळ दोन शतकांचे पावसाळे आणि समुद्राची खारी हवा सोसून जी इमारत उभी आहे, तिच्या चुन्यात दम नाही असे म्हणणाऱ्याने निदान एकवार त्या पायऱ्या चढून याव्यात.

सिमेंट चुन्यापेक्षा कठीण असते, हे निर्विवाद. परंतु जुन्या भिंतीत नेमका तो कठीणपणाच घातक ठरतो. पूर्वीच्या जाड भिंतीत ओल अडवणारा थर नसे. जमिनीतून चढलेले आणि पावसातून मुरलेले पाणी दगडांमधील चुन्याच्या दरजांतून सावकाश बाहेर पडे आणि उन्हाळ्यात भिंत कोरडी होई. त्या दरजांत सिमेंट भरले की पाण्याची ती वाट बुजते. मग पोरबंदरच्या चुनखडी दगडासारखा सच्छिद्र दगड असेल, तर पाणी त्याच्यातूनच वाट काढते, त्यातील क्षार दगडाच्या कातडीखाली स्फटिकरूप होऊन फुगतात आणि नक्षीकामाचे पापुद्रे गळू लागतात. दगड काळा कातळ असेल, तर ओल आतल्या भरावातच कोंडते, तुळयांची टोके कुजतात आणि लोखंड गंजून फुगते. चुना दगडाहून मऊ असल्यामुळे झीज तो स्वतःवर घेतो. तो पुन्हा भरता येतो, दगड पुन्हा आणता येत नाही.

आमच्याच गावठाणातील एका जुन्या घराच्या भिंतीस काही वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा झाला. दोन पावसाळ्यांनंतर त्यावर बोटाने टकटक केली तर पोकळ आवाज येई. एके दिवशी हातभर पोपडा खाली आला, त्याच्या मागे पांढराशुभ्र लोणा कापसासारखा फुललेला होता आणि आतली वीट नखाने खरवडली तरी भुकटी होऊन पडत होती. मालक म्हणाले, "वीटच खराब होती." ती वीट त्यांच्या आजोबांच्या काळापासून चांगली होती!

पर्यावरणाच्या बाजूनेही हिशेब पाहावा. सिमेंटचे क्लिंकर सुमारे १,४५० अंश सेल्सियसला भाजावे लागते, चुन्याला ९०० अंशांच्या आसपास पुरतात. शिवाय भाजताना चुन्यातून सुटलेला कर्बवायू, भिंतीत मुरताना, तो बऱ्याच अंशी परत घेतो. जगातील कर्बवायूच्या एकूण उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात ते आठ टक्के मानला जातो. तेव्हा जुनी इमारत पाडून तिच्या जागी 'हरित' इमारत उभारणे पर्यावरणास हितकर, हा दुसरा लाडका समज बहुतेक वेळा पहिल्याच फावड्याला खोटा ठरतो.

वारसा यादीत नाव गेले की इमारतीत खिळाही ठोकता येत नाही, असेही म्हणतात. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत १९९५ साली आलेल्या ६७ व्या नियमाने श्रेणी केल्या त्या एवढ्याचसाठी : पहिल्या श्रेणीत बदलास जवळजवळ मज्जाव, पण त्याखालील श्रेणींत अंतर्गत फेरबदलांस, आणि काही ठिकाणी त्याच आवारात सुसंगत नव्या बांधकामासही, मंजुरीची तरतूद ठेवली. उंच छताच्या दालनांना वातानुकूलनावाचून गत्यंतर नाही, ही समजूत तर बंद करून टाकलेले झरोके आणि वरच्या खिडक्या उघडून पाहिल्याशिवाय कोणी बोलूच नये.

राहिला विस्ताराचा प्रश्न. नवा भाग जुन्याची हुबेहूब नक्कल असावा, ही अपेक्षा आदरापोटी येते, हे मी जाणतो. परंतु १९६४ च्या व्हेनिस सनदेने अपरिहार्य नव्या कामावर त्याच्या स्वतःच्या काळाची मुद्रा असावी, असे स्पष्ट म्हटले आहे. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी रचलेल्या, १८९३ साली पुऱ्या झालेल्या मुंबई महापालिकेच्या गॉथिक मुख्यालयामागे जी विस्तारित इमारत आहे, तिने घुमट आणि कमानींची नक्कल केलेली नाही, आणि ते योग्यच झाले. नव्या भागात सिमेंट खुशाल वापरावे. मात्र नवा पाया पहिली काही वर्षे खचत राहतो आणि जुना केव्हाच स्थिरावलेला असतो. म्हणून दोहोंच्या मध्ये बोटभर सांधा मोकळा सोडावा, आणि कंत्राटदाराने कितीही आग्रह धरला तरी तो काँक्रीटने भरू देऊ नये.