फॉरमॅट मारण्याआधी

भिवंडी–वाडा रस्त्यावर, जिथून वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे वाट फुटते, त्या अंबाडी नाक्यावर आज कॉम्प्युटरवाचून कुणाचे पान हलत नाही. सातबारा हवा, उत्पन्नाचा दाखला हवा, पोरीचा शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या तारखेला भरायचा आहे, तर गाठायचे ते झेरॉक्सच्या दुकानातले किंवा सेवा केंद्रातले डेस्कटॉप मशीन. अर्धा अर्ज भरून होतो, फोटो अपलोड होत असतो आणि पडदा एकदम निळा पडतो. मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते. मग दोन दिवस काहीच होत नाही. तिसऱ्या दिवशी भर गर्दीत पुन्हा तेच.

दुरुस्तीला नेले की ठरलेले उत्तर मिळते : ‘फॉरमॅट मारून देतो.’ विंडोज नवी टाकली जाते, पैसे घेतले जातात, आठवड्याभराने पडदा पुन्हा निळा होतो. ही पद्धत बदलायला हवी, असे मला मनापासून वाटते. मशीन पडताना का पडले याची नोंद ते स्वतः करून ठेवते, आणि फॉरमॅट मारला की नेमकी तीच नोंद पुसली जाते.

निळा पडदा हा बिघाड नाही, बिघाड ओळखून केलेली कृती आहे. प्रोसेसर प्रोग्रॅमना दोन वेगळ्या पातळ्यांवर चालवतो. ब्राउझर, टॅली, वर्ड ही मंडळी बाहेरच्या पातळीवर असतात. त्यांच्यातले एखादे भरकटले तर विंडोज तेवढेच बंद करते, बाकीचे काम चालू राहते. आतल्या पातळीवर, म्हणजे कर्नलमध्ये, खुद्द विंडोजचा गाभा आणि ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क यांचे ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारे प्रोग्रॅम, असतात. तिथे सगळी मेमरी सगळ्यांना खुली असते. तिथे एकाने दुसऱ्याच्या जागेत लिहिले तर पुढे काय काय बिघडेल याचा भरवसा नाही. चुकीचा आकडा तसाच हार्ड डिस्कवर लिहिला गेला, तर वर्षाचे हिशोब नासतील. म्हणून विंडोज तिथल्या तिथे थांबते. तुमचा अर्धा अर्ज जातो, पण डिस्कवरचा जुना डेटा वाचतो.

विंडोज एनटीची पहिली आवृत्ती १९९३ साली आली, तेव्हापासून ही व्यवस्था आहे. तिचा निळा पडदा जॉन व्हर्ट या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमरने लिहिला. निळ्यावर पांढरी अक्षरे का, याचे त्याने दिलेले कारण अगदी साधे आहे : तो ज्या मशीनवर काम करत होता तिचा सुरुवातीचा पडदा आणि त्याचा एडिटर, दोन्ही त्याच रंगांचे होते. २०१२च्या विंडोज ८मध्ये त्यावर उदास चेहरा आला, पुढे क्यूआर कोड आला, आणि २०२५मध्ये विंडोज ११ने निळा रंग सोडून काळा घेतला. रंग बदलला, आतली कृती तीच राहिली.

त्या कृतीतला सर्वांत विलक्षण भाग आपल्याला दिसतच नाही. थांबायचे ठरल्यावर विंडोज मेमरीतला मजकूर डिस्कवर उतरवून ठेवते. पण या क्षणी कुणावर विश्वास ठेवायचा? फाइल लिहिणारी नेहमीची यंत्रणाच बिघडलेली असू शकते. त्यासाठी मशीन सुरू होतानाच एक तजवीज केलेली असते : डिस्कवर लिहिणाऱ्या ड्रायव्हरची एक वेगळी प्रत बाजूला ठेवलेली असते आणि ‘पेजफाइल’ ही विंडोजची राखीव फाइल डिस्कवर नेमकी कुठे आहे याची यादीही. संकटात नेहमीचा मार्ग टाळून मजकूर थेट त्या जागी उतरवला जातो. पुढच्या वेळी मशीन सुरू झाले की विंडोज तो तिथून उचलून नीट फाइलमध्ये ठेवते. सी ड्राइव्हवर विंडोजच्या फोल्डरमध्ये ‘मिनीडम्प’ नावाचा फोल्डर असतो. प्रत्येक निळ्या पडद्याची तारीखवार फाइल त्यात सापडते. अपघाताच्या जागेवरचा पंचनामाच तो, आणि तोही अपघात झालेल्यानेच शेवटच्या क्षणी लिहिलेला.

हा मजकूर वाचायला ‘ब्लूस्क्रीनव्ह्यू’ हे छोटे फुकट सॉफ्टवेअर पुरते. ज्याला खोलात जायचे आहे त्याच्यासाठी मायक्रोसॉफ्टचेच ‘विनडीबग’ आहे, तेही फुकट. इतके करायचे नसेल तर निदान पडदा निळा असताना मोबाइलवर फोटो काढावा. त्यासाठी सिस्टिमच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’त जाऊन ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढायची, म्हणजे पडदा निघून न जाता तसाच थांबतो. खाली ‘स्टॉप कोड’ असतो. पाच-सहा वेळचे कोड तारखेसह वहीत लिहिले की अर्धे निदान तिथेच होते.

कसे ते पाहा. दर वेळी एकच कोड आणि एकाच ड्रायव्हरचे नाव येत असेल, तर बहुधा दोष त्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. वायफायचा ड्रायव्हर, ग्राफिक्सचा ड्रायव्हर, एकाच वेळी टाकलेले दोन अँटिव्हायरस, असे काहीतरी. तो ड्रायव्हर काढून कंपनीच्या साइटवरून नवा टाकावा, किंवा नव्याने घोळ सुरू झाला असेल तर जुना परत आणावा. पण आज ‘मेमरी मॅनेजमेंट’, परवा ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, नंतर ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, आणि दर वेळी वेगळाच ड्रायव्हर दोषी, असे दिसले, तर त्या ड्रायव्हरांचा काही गुन्हा नसतो. तिथे संशय घ्यायचा रॅमवर.

आठ जीबीच्या रॅममध्ये सुमारे ६,८७१ कोटी सूक्ष्म कप्पे असतात. प्रत्येक कप्पा म्हणजे एक अतिसूक्ष्म कपॅसिटर. त्यात विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. हा भार सतत गळत असतो, म्हणून प्रत्येक कप्पा साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला पंधराएक वेळा, पुन्हा भरावा लागतो. मशीन चालू असेपर्यंत या कामात खंड नाही. एवढ्या कोटींमध्ये एखादाच कप्पा कमजोर निघाला, तर तो चिपवर कायम एकाच जागी असतो. पण विंडोज त्या जागी दर वेळी वेगळी गोष्ट ठेवते. कधी तिथे तुमच्या फोटोचा एक ठिपका येतो. रंग किंचित बदलतो आणि कुणाला कळतही नाही. कधी तिथे कर्नलचा एखादा पत्ता येतो, आणि मशीन पडते. आपल्याला जे ‘कधीही, कसेही’ वाटते त्याचे मूळ इतके नेमके असते. फॉरमॅट मारून हा कप्पा कसा सुधारणार?

रॅम तपासायला ‘मेमटेस्ट८६’ पेनड्राइव्हवर टाकून मशीन त्यावरून सुरू करतात. ते विंडोजला हातच लावत नाही. प्रत्येक कप्प्यात ठरावीक नमुने लिहिते, वाचते, उलटे लिहिते, पुन्हा वाचते. निदान चार फेऱ्या व्हायला हव्यात, त्यामुळे रात्रभर चालू ठेवलेले बरे. एकही चूक आढळली तरी ती क्षम्य नाही. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून तपासावी, मग स्लॉट बदलून. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुळवून आणलेल्या मशीनमध्ये पुष्कळदा वेगवेगळ्या कंपनीच्या, वेगवेगळ्या वेगाच्या पट्ट्या एकत्र बसवलेल्या असतात. त्या स्वतंत्रपणे चांगल्या असूनही एकत्र नांदत नाहीत. बायॉसमध्ये रॅमचा वेग वाढवून ठेवला असेल तर तो आधी मूळ पदावर आणावा.

आपल्याकडे रॅम काढून खोडरबरने घासून परत लावायची रीत आहे, आणि तिला आधार आहे. तानसा नदीच्या खोऱ्यातला हा दमट प्रदेश. पावसाळ्याचे चार महिने हवा ओली, त्यात रस्त्याची धूळ आणि भिवंडीकडे गेले की यंत्रमागांतून उडणारे कापसाचे तंतू. पट्टीच्या पिनांवर आणि स्लॉटमध्ये थर बसतो आणि संपर्क अधूनमधून तुटतो. पट्टी काढून लावली की तेवढ्यानेच पुष्कळदा काम होते. फक्त त्या पिनांवर सोन्याचा मुलामा असतो, मायक्रॉनहूनही पातळ. रबराने जोर लावून घासले तर मुलामाच निघतो आणि पुढच्या पावसाळ्यात दुखणे वाढून परत येते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड हा बरा मार्ग.

विजेची गोष्ट वेगळी ओळखावी लागते. पडदा निळा न होता मशीन झटक्यात बंद पडून सुरू झाले, तर विंडोजला काही लिहायला वेळच मिळालेला नसतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल पॉवर ४१’ एवढीच नोंद दिसते. मग विंडोजचा पिच्छा सोडून एसएमपीएसकडे आणि भिंतीतल्या वायरीकडे पाहावे. एसएमपीएस २३० व्होल्टची वीज घेऊन १२, ५ आणि ३.३ व्होल्ट बनवतो आणि त्यांत वर-खाली पाच टक्क्यांहून जास्त फरक चालत नाही. वीज क्षणभर गेली तर तो साठवलेल्या भारावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. आपल्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. त्याहूनही हा अवधी कमी. लाइन दूरवरून येते, कुठे पंपाची किंवा गिरणीची मोठी मोटर सुरू होते, बल्ब नुसता लुकलुकतो आणि मशीन मात्र पडते. घरचा इन्व्हर्टर ‘यूपीएस मोड’वर नसेल तर तो वेळेत वीज देऊ शकत नाही. इन्व्हर्टरचे बटण त्या मोडवर फिरवले की बरीच मशिने बरी होतात.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात का, हेही पाहावे. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या फिल्टरमधून झिरपणारी वीज कॅबिनेटवर येऊन बसते, आणि मीटर लावला तर शंभराच्या वर व्होल्ट दिसू शकतात. प्रवाह अगदी कमी असला तरी याकडे दुर्लक्ष नको. तीन पिनांपैकी तिसरी नुसती शोभेची असलेली सॉकेट जुन्या गाळ्यांत आजही सापडतात.

मग झाकण उघडून बोर्डावरचे उभे, दंडगोल कपॅसिटर टॉर्च लावून पाहावेत. त्यांचा माथा सपाट असायला हवा. त्यावर मुद्दाम खाचा पाडलेल्या असतात, आत वायू साठला तर तिथून वाट मिळावी म्हणून. माथा फुगलेला किंवा तपकिरी चिकटा आलेला दिसला तर तो कपॅसिटर गेला. या शतकाच्या सुरुवातीला सदोष द्रावण भरलेल्या कपॅसिटरांमुळे जगभर मदरबोर्ड निकामी झाले होते. चांगल्या कपॅसिटरचे आयुष्यही दर १० अंश तापमानवाढीला साधारण निम्म्यावर येते. पत्र्याच्या छताखाली, भिंतीला चिकटून, तुंबलेल्या पंख्यासह एप्रिल-मे काढणाऱ्या मशीनचे म्हातारपण लवकर का येते, ते इथे कळते.

क्वचित खुद्द प्रोसेसरच सदोष निघतो. ‘व्हीया अनकरेक्टेबल एरर’ हा कोड वारंवार आला तर तशी शंका घ्यावी. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत वाढीव व्होल्टेजमुळे झीज होत असल्याचे २०२४मध्ये कंपनीने मान्य केले, बायॉसमार्फत सुधारणा दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

सॉफ्टवेअरच्या दोषाचे सर्वांत मोठे उदाहरण त्याच वर्षीचे. १९ जुलै २०२४, भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाइल जगभर पाठवली. कर्नलमध्ये बसलेला तिचा प्रोग्रॅम २१ रकाने वाचायला गेला, हाती होते २०. एकविसावा वाचताना तो मेमरीत नको तिथे शिरला आणि सुमारे ८५ लाख मशिने निळी पडली. ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, पण तोवर पडलेली मशिने सुरू होताना पुन्हा पुन्हा पडत होती. मुंबईसह आपल्याकडच्या विमानतळांवर चेक-इन हाताने करावे लागले, प्रवाशांना हस्तलिखित बोर्डिंग पास मिळाले. उपाय मात्र छोटा होता : सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल खोडायची. कोड आणि ड्रायव्हरचे नाव हाती असल्यामुळेच तो काही तासांत सापडला. सगळ्यांनी फॉरमॅट मारला असता तर?

इतके सगळे तपासूनही काही निळे पडदे उरतात, आणि त्यांतल्या काहींचे कारण आकाशात असू शकते. दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांतून निघालेले कण वातावरणावर आदळतात आणि एकातून अनेक असे फुटत खाली येतात. कणांचा असा वर्षाव कसा वाढत जातो याचे गणित १९३७मध्ये होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी मांडले. पुढे १९४५मध्ये भाभांनी स्थापलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत वैश्विक किरण हा पहिल्यापासून मोठा विषय राहिला. आपल्या तळहातातून या वर्षावातला म्युऑन नावाचा साधारण एक कण दर सेकंदाला आरपार जातो. म्युऑन सहसा काही करत नाहीत. त्यांच्यासोबत येणारा एखादा न्यूट्रॉन मात्र चिपमधल्या सिलिकॉनच्या अणुकेंद्रावर आदळला तर कप्प्यातला भार उलटवू शकतो. मे २००३मध्ये बेल्जियममधल्या स्खारबेक इथे मतमोजणीत एका उमेदवाराच्या नावावर खऱ्या मतांहून नेमकी ४,०९६ मते जास्त पडली. हा आकडा म्हणजे दोनाचा बारावा घात, अर्थात एकच बिट, म्हणजे एका कप्प्यातला एक किंवा शून्य, उलटले होते. तपासात यंत्रात दोष मिळाला नाही, आणि असा एखादा कण हेच कारण असावे असे मानले गेले.

सर्व्हरमध्ये अशी चूक स्वतः दुरुस्त करणारी ईसीसी रॅम असते. दुकानातल्या डेस्कटॉपमध्ये ती सहसा नसते. तेव्हा वर्षा-दोन वर्षांत एखादाच निळा पडदा आला, मेमटेस्ट स्वच्छ निघाली, वीज ठीक आहे, तर तारीख आणि कोड वहीत लिहून मशीन पुन्हा सुरू करावे आणि रांगेतल्या पुढच्या माणसाचा अर्ज भरायला घ्यावा.