पत्रा बाजूला, सुरुंग खाली

नागपूरच्या नंदनवनातल्या गॅरेजात टेम्पोचा हौदा दुरुस्त करणारा वेल्डर जे काम रोज करतो, तेच काम शंभरहून अधिक वर्षं युद्धांत सैनिक करत आले आहेत. लोखंडी प्लेट मोजायची, गॅस कटरने कापायची, अँगलवर टेकवून टॅक मारायचे आणि मग पूर्ण वेल्डिंग करायचं. 1914 साली ब्रिटिश नौदलाच्या विमानदळाने डंकर्कच्या जहाजगोदीत आपल्या मोटारींना बॉयलरच्या प्लेट लावून घेतल्या. व्हिएतनाममध्ये 1967 साली रसद नेणाऱ्या ताफ्यांवर हल्ले वाढले, तेव्हा अमेरिकी चालकांनी ट्रकांवर आधी वाळूची पोती रचली आणि नंतर पोलादी प्लेट ठोकल्या. डिसेंबर 2004 मध्ये कुवेतच्या तळावर एका सैनिकाने अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांना समोरासमोर विचारलं, की गाड्यांना लावायला आम्हाला कचऱ्याच्या ढिगातून भंगार का शोधावं लागतं. जिवावर बेतलं की माणूस हाताला येईल ते गाडीला लावतो, यात त्याचा काहीच दोष नाही. पण गॅरेजात लावलेली प्लेट म्हणजे खालून वर गेलेली तक्रार असते. धोका कुठून येतोय, हे ती सांगते. वरच्यांनी ती वाचून गाडी, रस्ता आणि हुकूम बदलले नाहीत, तर त्या लोखंडाने फक्त गाडीचं वजन वाढतं. आपल्या विदर्भाच्या पूर्व टोकाला, गडचिरोलीत, ही गोष्ट माणसांच्या जिवांनी मोजली गेली आहे.

आधी वजनाचाच हिशेब करू. साध्या लोखंडाची एक चौरस मीटर प्लेट दर मिलिमीटर जाडीला 7.85 किलो भरते. म्हणजे 6 मिलिमीटरची प्लेट चौरस मीटरला 47 किलो. पिकअपच्या हौद्यात बसलेल्या माणसाची छाती झाकायची तर दोन्ही बाजूंना मिळून सुमारे पाच चौरस मीटर प्लेट लागेल आणि तळाला चार. हे झाले सव्वाचारशे किलो, अँगल आणि बोल्ट वेगळे. त्यात शस्त्रं, दारूगोळा आणि पाणी घेतलेले पंधरा जवान बसवले, प्रत्येकी 85 किलो धरले, तर आणखी पावणेतेराशे किलो. एकूण 1,700 किलो. सव्वा ते दीड टन क्षमतेच्या गाडीवर एवढं ओझं पडलं की पाटे बसतात, ब्रेक उशिरा लागतो आणि घाटात इंजिन धापा टाकतं. एवढं करून जवळून झाडलेली एके-47 ची गोळी त्या साध्या प्लेटने अडेलच, याची खात्री नाही. चिलखती पोलाद वेगळं असतं, त्याला उष्णतेची प्रक्रिया देऊन कठीण केलेलं असतं. तेच गॅरेजात आणून नेहमीच्या पद्धतीने वेल्डिंग केलं तर सांध्याजवळची कठीणता उतरते. वाळूच्या पोत्यांचंही तसंच. व्हिएतनाममध्ये पावसाने पोती भिजली आणि ट्रक चालेनात, म्हणून चालक पोलादाकडे वळले. वाळूत खडे राहिले तर स्फोटात तेच खडे आतल्या माणसांवर उडतात.

तरी गोळी बाजूने येते तिथे बाजूच्या प्लेटला अर्थ आहे. पण गडचिरोलीत गाडीवरचा मोठा घात खालून होतो. 1 मे 2019, महाराष्ट्र दिन. कुरखेडा तालुक्यातल्या दादापूरला नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली होती. तिकडे निघालेल्या शीघ्र प्रतिसाद पथकाची खासगी गाडी जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाने उडवली गेली. 15 पोलीस आणि गाडीचा चालक जागीच गेले. नंदनवनातून निघणारा माणूस उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा करत ज्या कुरखेड्याला पोचतो, तेच हे कुरखेडा. स्फोट गाडीच्या पोटाखाली होतो तेव्हा सपाट तळ त्याचा सगळा दाब अंगावर घेतो. तळ वर उचलला जातो आणि त्या धक्क्याने आतल्या माणसाची टाच, कणा आणि मान मोडते. तळाला बोल्टने प्लेट बसवली असेल तर ती सुटून आतच घुसण्याची भीती असते. बाजूला कितीही लोखंड लावलं तरी या स्फोटाशी त्याचा संबंध येत नाही.

याच प्रश्नावर र्‍होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, 1970 च्या दशकात जे घडलं ते शिकण्यासारखं आहे. सुरुवात तिथेही पोत्यांनीच झाली. टायरमध्ये पाणी भरून पाहिलं गेलं. त्या खटपटीतून तीन गोष्टी कळल्या: गाडी जमिनीपासून उंच हवी, कारण स्फोटाचा दाब अंतराबरोबर झपाट्याने उतरतो, तळ नावेसारखा निमुळता हवा, म्हणजे दाब दोन्ही बाजूंना निसटतो, आणि माणूस सीटला पट्ट्याने बांधलेला हवा. दक्षिण आफ्रिकेचं कॅस्पिर हे सुरुंगरोधक वाहन याच विचारातून आलं आणि भारतीय लष्करानेही ते घेतलं. पुण्याच्या भारत फोर्जने दक्षिण आफ्रिकेच्या पॅरामाउंटबरोबर केलेल्या कल्याणी एम4 गाड्यांसाठी संरक्षण मंत्रालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये 177.95 कोटी रुपयांची मागणी नोंदवली. तात्पुरत्या कामाचं रीतसर काम करणं आपल्याला नवं नाही. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातून आलेल्या चेसिसवर टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्याचं चिलखती पोलाद चढवून साडेचार हजारांहून अधिक गाड्या भारतात तयार झाल्या. सैनिक त्यांना ‘टाटानगर’ म्हणत. ती निकड होती, पण पोलाद कोणतं आणि ते कोणत्या चेसिसवर चढवायचं हे कारखान्यात ठरलं होतं.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: सुरुंगरोधक वाहनंही उडवली गेलीच ना? गेली. 3 सप्टेंबर 2005 रोजी छत्तीसगडच्या बिजापूर परिसरात अशा वाहनातले 24 जण मारले गेले. 13 मार्च 2018 रोजी सुकमा जिल्ह्यात किस्टारामजवळ केंद्रीय राखीव पोलीस दलाचे 9 जवान गेले. प्रत्येक गाडी काही किलो स्फोटकांपुरती बनवलेली असते आणि पुरणारा हवी तेवढी स्फोटकं वाढवू शकतो. पण त्यावरून गाडी निरुपयोगी ठरत नाही. पोलाद हा बचावाचा शेवटचा भाग आहे, एवढंच त्यावरून ठरतं. त्याच्या आधी रस्ता पायी तपासणारी रोड ओपनिंग पार्टी येते, एकाच वाटेने पुन्हा न जाणं येतं आणि जिथे चालत जाता येतं तिथे गाडीच न वापरणं येतं. जाळपोळीची बातमी देऊन पोलिसांना ठरावीक रस्त्यावर ओढणं ही जुनी चाल आहे. तिला उत्तर लोखंडात नाही, निघण्याच्या हुकुमात आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. चांगली गाडी येईपर्यंत जवानाने काय करायचं? काहीच नसण्यापेक्षा प्लेट बरी नाही का? गोळीबाराचा धोका असेल आणि गाडी तो भार पेलत असेल, तर बरी, आणि ती लावणाऱ्याला कोणी हटकू नये. पण ती लावल्याने आता हा रस्ता चालेल असं वरच्या कोणाला वाटू लागलं, तर ती नसलेलीच बरी. तिसरं म्हणणं आजचं आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये नक्षलवादी नेता भूपतीने 60 सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली, आता हा विषय कशाला? चळवळ ओसरली ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण जमिनीत पुरून ठेवलेला सुरुंग शरण येत नाही. आणि पुढची गाडी कुठल्या जिल्ह्यात अडचणीत येईल, हे तिथली प्लेट आधी सांगेल.

एका माणसाची मोजदाद या चर्चेत नेहमी शेवटी होते, तो म्हणजे भाड्याच्या गाडीचा चालक. जांभूळखेड्यात 15 पोलिसांबरोबर एक चालक गेला. 26 एप्रिल 2023 रोजी दंतेवाड्याच्या अरनपूरला 10 जवानांबरोबर एक चालक गेला. 6 जानेवारी 2025 रोजी बिजापूरला 8 जवानांबरोबर एक चालक गेला. त्याने शपथ घेतलेली नसते, त्याला प्रशिक्षण नसतं, त्याची गाडी कोणत्याही शहरातल्या कोणत्याही गॅरेजात दुरुस्त झालेली असते. नक्षलविरोधी अभियानाचं मुख्यालय नागपुरातच आहे. रस्ता तपासल्याशिवाय एकही भाड्याची गाडी त्यावर जाणार नाही, एवढा एक नियम तिथून कायमचा लिहून निघावा.