खाऱ्या टाकीतला काटेरी किडा : काढावा की ठेवावा?

बालाघाटपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. इथे खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची तर आरओच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम सागरी मिठाचे मिश्रण विरघळवावे लागते. त्यामुळे पाणी बिघडले की बदलणे महागात पडते. म्हणूनच रात्री दगडाच्या फटीतून डोकावणारा गुलाबी-तपकिरी ब्रिसल वर्म दिसताच चिमटा उचलू नका.

हा गांडुळाचाच सागरी नातलग. उरलेले खाद्य, विष्ठा, मेलेला मासा असे सगळे तो खातो आणि वाळूच्या आतपर्यंत पोहोचतो. जिवंत, धडधाकट माशाच्या वाटेला तो सहसा जात नाही. मेलेल्या माशावर दिसला म्हणून त्यानेच मारला, असा समज होतो. बहुतेकदा तो नंतर आलेला असतो. किडे फार वाढले असतील तर खाद्य कमी करा. विषारी औषधाने सरसकट मारलेत, तर वाळूतच कुजून अमोनिया वाढतो आणि मासे दगावतात.

अपवाद दोन. जाड, पांढऱ्या केसांच्या झुबक्यांचा फायरवर्म प्रवाळ खातो. दुसरा जबड्यांचा बॉबिट वर्म. इंग्लंडमधल्या न्यूक्वे इथल्या मत्स्यालयात २००९ मध्ये प्रवाळ कुरतडले जात होते. अखेर दगड उचकटल्यावर सुमारे चार फुटांचा किडा सापडला. असे किडे आमिषाच्या सापळ्याने पकडावेत.

टाकीत हात घालताना हातमोजे हवेतच. काटे रुतले तर चोळू नका. चिकटपट्टी लावून हळूच ओढून काढा.